आठ दोऱ्या आणि एक फाटक

मु. नवी वाडी, पो. प्रकाशा
१८ एप्रिल १९६४

प्रिय हिंमत,

चार वर्षांत तुला एकही पत्र लिहिलं नाही, आणि आता एकदम चार पानं हातात पडल्यावर तू आधी शेवटचं पान उलटून बघशील, हे मला ठाऊक आहे. शाळेतही तू गणिताचं उत्तर आधी मागे बघून यायचास. पण तसं करू नकोस. पहिल्यापासून वाच. मला हे सगळं लिहायला तीन दिवस लागले आहेत, आणि छबू रोज विचारते आहे की धनी, एका कागदाला इतकी शाई लागते तरी कशी.

नवापूरला तुझ्या मेव्हण्याच्या लाकडाच्या वखारीत तुझं बरं चाललंय, असं रायसिंगकडून कळतं. तो सुरतेला जाता-येता तुला भेटतो, आणि परत आल्यावर सगळी वाडी त्याच्याभोवती गोळा होते. हिंमत बारीक झाला का, वहिनींचा खोकला गेला का, तांबडा बैल अजून कामाचा आहे का, सगळं विचारून होतं. फक्त तू आमच्याबद्दल काय विचारलंस, हे कोणी विचारत नाही. रायसिंगही आपणहून सांगत नाही. त्यावरून काय समजायचं ते आम्ही समजतो.

इथलं सांगतो. तू आखून दिलेली वाडी चालू आहे. मोडली नाही. गावात पैजा लागल्या होत्या की आठ घरांची एक चूल आठ दिवस टिकणार नाही, त्या सगळ्या पैजा गाव हरलं. पेरणीत आणि कापूस वेचणीत अजूनही एकच चूल पेटते, एरवी ज्याची त्याची. बायकांनी पाळ्या लावून घेतल्यात. पहिल्या वर्षी वरणावरून महाभारत झालं. मोतीलालच्या घरच्यांना गुजराती वळणानं वरणात गूळ हवा, आणि दगूबाईला मिरचीनं कानातून धूर निघाल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. शेवटी दोन पातेली ठेवली. आता गंमत अशी की मोतीलाल गुपचूप तिखट पातेल्याकडे सरकतो आणि दगूबाई गोडाची वाटी पदराआड धरून नेते. उन्हाळ्यात बिबडे आणि पापड आठही घरांचे एकाच अंगणात वाळतात. कोणाचे कोणते हे कोणालाच कळत नाही, आणि दरवर्षी प्रत्येकीला आपलेच कमी भरल्यासारखे वाटतात.

मागच्या हिवाळ्यात तळोद्याच्या साहेबाबरोबर एक गोरी बाई वाडी बघायला आली होती. साहेबानं आम्हाला समजावून सांगितलं की तिच्या मुलखातही काही लोक असेच राहतात, घरं वेगळी आणि स्वयंपाकघर एक. दगूबाईनं त्याला विचारायला लावलं की मग तिकडे भांडणं कशावरून होतात. बाई खूप हसली आणि म्हणाली, भांडी कोणी घासायची यावरून. दगूबाई लगेच म्हणाली, “मंग ती बी आपलीच शे!” आणि तिला हाताला धरून जेवायला बसवलं. त्या दिवशी तू हवा होतास. हे सगळं डोक्यातून काढणारा तू, आणि पाहुणीसमोर मिशीला पीळ देत बसलो मी.

एकोणसाठच्या पुरानंतरचे दिवस मला फार आठवतात. तापीनं आपली घरं नेली आणि आपण देवळाच्या ओट्यावर आठ कुटुंबं दीड महिना राहिलो. एकाच चुलीवर शिजवायचं आणि पोरं सगळ्यांची मिळून सांभाळायची. पाणी ओसरल्यावर जो तो आपापली जागा शोधायला निघाला, तेव्हा तू एकटा म्हणालास की ओट्यावर जमलं ते घरात का जमू नये. उंचावरच्या पडीक जमिनीवर तू फक्कीनं घोड्याच्या नालेच्या आकारात घरं आखलीस, भिंतीला भिंत लागून, सगळी दारं अंगणाकडे. नालेचं तोंड म्हणजे फाटक, नऊ हात रुंद, भरली गाडी आरामात जाईल असं. एका कडेला पहिलं घर तुझं आणि दुसऱ्या कडेला शेवटचं माझं. प्रत्येक घराची लांबी पंधरा हात. भांडण नको म्हणून तू सुंभाच्या आठ दोऱ्या सारख्या कापल्यास आणि ज्याची त्याला दिलीस. गवंड्यानं आधीच्या घराच्या भिंतीपासून पुढे त्या त्या घराची दोरी लावून मोजायचं, इतकं सोपं. स्वतःचं घर आधी बांधून घेतलंस आणि सागाच्या वाशांसाठी सातपुड्याच्या पायथ्याला निघून गेलास.

दीड महिन्यानं तू परत आलास तेव्हा माझी शेवटची भिंत उभी राहिली होती, आणि नऊ हातांच्या फाटकाचे दोनच हात उरले होते. माणूस जाईल, बैल अंग चोरून जाईल, पण गाडी? गाडी आतच होती. तुझीच गाडी. जाण्याआधी तूच कौलं उतरवून अंगणात सोडलेली. सारं गाव बघायला लोटलं होतं. आपल्या वाडीला तेव्हापासून ‘कोंडगाडी’ म्हणतात, अजूनही. पोस्टमनसुद्धा म्हणतो.

तू सगळ्यांना अंगणात बसवून विचारलंस की दोरीप्रमाणे कोणी कोणी बांधलं. सगळ्यांनी होकाराच्या माना हलवल्या. आणि मी उठून म्हणालो, हिंमत, तुझीच मोजणी चुकली. त्यावर बाकीचेही बोलायला लागले. तुला मोजता येत नाही, इतक्या कौतुकानं वाडी आखली आणि फाटकच विसरला. मोतीलाल म्हणाला की गाडीची चाकं काढून बाहेर नेऊ, तेव्हा तू एवढंच म्हणालास, “गाडी जशी आत उनी तशीच बाहेर जाई, नही ते जावाव नही.” बैल सोडलेस, वहिनींना घेतलंस आणि घराला कुलूप घालून निघून गेलास. तुला आठवत असेल, तेव्हा घरं पुन्हा मोजून बघू असं कोणीच म्हणालं नव्हतं. तुझ्यासारख्या हुशार माणसाला त्यावरूनच कळायला हवं होतं.

तुझी गाडी अजून अंगणात आहे. तिच्यावर दगूबाई मिरच्या वाळवते, खाली कोंबड्या अंडी घालतात. दर दसऱ्याला मी चाकांना तेल घालतो. छबू दिवाळीला तुझ्या घराचा ओटा सारवते. किल्ली वहिनी तिच्याकडेच ठेवून गेल्या होत्या, हे तुला ठाऊक नसेल. आमच्या गाड्या बाहेर चिंचेखाली उभ्या असतात आणि कापसाचे गठ्ठे डोक्यावरून आत येतात. चार वर्षं मान दुखली की मला तुझी आठवण येते. गंमत म्हणून लिहीत नाही, खरंच येते.

आता मुद्द्याचं. मोतीलालच्या मीनाचं लग्न आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, ठरलंय. तीच मीना, जी चांगली तेरा वर्षांची असूनही ओट्यावर तुझ्या धोतराचा सोगा धरून फिरायची. मीना म्हणते, मी या अंगणात गाडीत बसूनच सासरी जाईन, फाटकापर्यंत चालत जाऊन बाहेर गाडीत बसणार नाही. पोरगी तुझ्यासारखीच हट्टी. मग फाटक रुंद करायचं ठरलं. भिंत पाडायची, पण कोणाची? फाटकाच्या एका अंगाला तू आणि दुसऱ्या अंगाला मी. परवा लग्नाच्या तयारीसाठी सामाईक जेवणाला सगळे बसले होते, तेव्हा कोणीतरी म्हणालं की हिंमतचं घर बंदच आहे, चूकही त्याचीच, त्याचीच भिंत पाडू. सगळ्यांना पटलं. रायसिंग तर कुदळ कोणाकडे आहे ते विचारायला लागला. 

मी ताटावरून उठलो, घरात गेलो, कणगीमागून माझी दोरी काढली आणि आणून सगळ्यांसमोर टाकली. तिला एक गाठ आहे. गाठीच्या पलीकडे अडीच हात सुंभ मी स्वतः जोडलंय. मला धान्याच्या कणगीला जागा हवी होती, आणि वाटलं, नऊ हातांतून अडीच गेले तर कोणाला कळणार आहे, गाडीला साडेसहा पुष्कळ झाले. फाटक अडलं तेव्हा हिशेब जुळत नसतानाही मला वाटलं, सगळं माझ्याच गाठीमुळे झालं. म्हणून सर्वांआधी उठून मीच तुझ्यावर ढकललं. लहानपणापासूनच्या मित्रावर. मला त्याची चार वर्षं रोज लाज वाटते आहे, आणि जेवताना सगळ्यांसमोर मी हे बोलून दाखवलं.

मला वाटलं आता शिव्या बसतील. पण दगूबाई गुडघ्यावर हात टेकत उठली, घरात गेली आणि आपली दोरी घेऊन आली. तिलाही गाठ! “मन्ह्या शेळीले कोठे बांधू? मी बी जोडा व्हता एक हात,” म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मग मोतीलाल उठला. त्याला बायकोच्या झोपाळ्याला जागा हवी होती, दीड हात. मग रायसिंग, बापाच्या खाटेसाठी. एकेक करत सातही दोऱ्या आल्या आणि सातांनाही गाठ. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानंच केलं. मोतीलालनं सगळ्यांच्या गाठींपलीकडचं सुंभ मोजलं, तर भरले बरोबर सात हात. छबू जाऊन तुझ्या घरातून तुझी दोरी घेऊन आली. खुंटीवर टांगलेली होती, सरळ, पंधरा हातांची. आम्ही सगळ्यांनी ती हातातून फिरवून पाहिली. एकही गाठ नव्हती. आधी कोणीतरी हुंदका दिला आणि मग मोतीलालला हसू फुटलं, आणि मग सगळे असे हसलो की गावातले लोक बघायला आले. मी त्यांना तिथेच सांगितलं की हिंमतची मोजणी बरोबर होती. आज बाजारातही सांगून आलो.

काल सकाळी मी माझी भिंत पाडली. कोणी सांगितलं नाही, मीच पहिली कुदळ घातली आणि अडीच हात मागे नेली. कणगी आता छबूच्या डोक्याशी आहे आणि ती मला बोलते आहे. फाटक तुझ्या नऊ हातांचं नाही झालं, साडेचारच हात झालंय, पण गाडी निघते, काठी आडवी धरून मोजून बघितली. गाडीवरच्या मिरच्या उतरवल्या, कोंबड्या हाकलल्या, जू फाटकाकडे तोंड करून ठेवलंय. माझे बैल दारात उभे आहेत, पण ते आम्ही जोडलेले नाहीत आणि जोडणारही नाही. गाडी जशी आत आली तशीच बाहेर जाईल असं तू म्हणाला होतास. आत आणताना तुझे बैल होते आणि कासरा तुझ्या हातात होता. मीना म्हणते, हिंमतकाका हाकतील त्याच गाडीत बसेन, नाही तर बसणारच नाही. दगूबाई उंबऱ्यावर बसून मला सांगते आहे, “त्याले लिख, रुसाना दिन सरनात म्हना.” माझ्याकडून एवढंच, की मी खोटं बोललो होतो, मला माफ कर, आणि आखाजीला लेकी माहेरी येतात तसा तू आपल्या घरी ये. येताना तांबड्याला आण. फाटकात मी उभा असेन, आणि जागा कमी पडलीच तर कुदळ माझ्या हातात असेल.

तुझाच, अडीच हातांचा चोर,
हिलाल