चकमध्ये धरलेला जॉब

आप्पा,

आज वर्गात तुमच्याबद्दल पुन्हा एकदा खोटं बोलले. कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. वाईच्या या कॉलेजची स्टाफरूम आता रिकामी आहे. साताऱ्याची पाचची एसटी गेली, पुढची मिळेल. हल्ली बस सुटताना दिसली तरी धावावंसं वाटत नाही.

बारावीच्या मुलांना मी दर आठवड्याला रोजच्या बोलण्यातला एक इंग्रजी शब्द देते. घरात तो कोण कसा वापरतं, ते ऐकून यायचं. या वेळचा शब्द होता जॉब. एक जण म्हणाला, "मॅडम, जॉब म्हणजे पुण्याला जायचं." मागून दुसरा, "आन् आईनं हितं फोनवर रडायचं." वर्ग हसला. एकीच्या घरी छापखाना आहे. कुणाची लग्नपत्रिका छापायला आली की तिचे वडील म्हणतात, जॉब आला. मग एक मुलगी उठली. तिचे वडील एमआयडीसीत लेथवर आहेत. ती म्हणाली, "आमच्या पप्पांचा काल एक जॉब वाया गेला." पुढच्या बाकावरचे हळहळले, "आरारा, आता दुसरा बघाय लागंल." तशी ती वैतागली. "नोकरी न्हाई रं! लेथवरचा जॉब. लोखंडाचा." कित्येक वर्षांनी तो शब्द मी तुमच्या अर्थानं ऐकला.

आदल्या दिवशी मी लायब्ररीतला मोठा शब्दकोश काढून बघितला होता. हा शब्द मुळात कुठून आला, ते कोशकारांनाही नक्की सांगता येत नाही. बहुधा गोळा किंवा तुकडा अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दावरून आला असावा, असं म्हणतात. आधी कामाचा एक तुकडा, मग पैसे घेऊन केलेलं किरकोळ काम, मधल्या काळात सरकारी अधिकाराच्या आडून केलेली स्वतःची सोय, आणि कायमची नोकरी हा अर्थ अगदी अलीकडचा. वाचून मला थोडं हसू आलं. बावीस वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवतेय, दर वर्षी नवी ऑर्डर. शेजारणी विचारतात, "जॉब पर्मनंट झाला का?" शब्दकोशाप्रमाणे बघितलं तर माझा जॉब जुन्या, खऱ्या अर्थाचा आहे, तुकड्यातुकड्यांचा. पण हे शेजारणींना सांगून उपयोग नाही.

तुमच्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये मी पहिल्यांदा आले तेव्हा सात वर्षांची असेन. तुमचा डबा राहिला होता म्हणून आईबरोबर आले होते. तुम्ही लेथसमोर वाकून उभे. चकच्या तीन जबड्यांत धरलेला लोखंडी दांडा गरगर फिरतोय, त्याची निळसर साल वळत वळत खाली पडतेय. मी हात पुढं केला आणि तुम्ही ओरडलात, "हात लावू नगंस! जॉब गरम हाय." माझे डोळे भरले, तेव्हा मशीन चालूच ठेवून, माझ्याकडं न बघता समजावलंत, "एकदा धरला की पुरा करूनच उतरवायचा. मधीच काढला तर परत बसवताना केसभर तरी सरकतोच. मग किती बी कर, वाकडाच फिरतोय." घरी तुम्ही फार बोलायचा नाहीत. त्या दिवशी एवढं बोललात म्हणून ते लक्षात राहिलं असेल.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी इंग्रजीत पहिली आले. सांगलीत कॉलेजच्या हॉलमध्ये बक्षीस समारंभ होता. तुम्ही संध्याकाळी पावणेसहाला सायकलवरून आलात. हॉलला कुलूप लागलं होतं, मी पायरीवर एकटी बसले होते. तुमचे हात रगडून धुतलेले, कोपरापर्यंत लाल झालेले. म्हणालात, "चुकलं बाळ माझं. जॉब चकमधी हुता, सोडता आला न्हाई." मी म्हणाले, "एका लोखंडाच्या तुकड्यासाठी?" सायकल हातात धरून स्टँडपर्यंत माझ्या मागून चालत आलात.

पुढं मी ही गोष्ट लोकांना वेगळीच सांगायला लागले. सासरी, मैत्रिणींना, एकदा शिक्षक दिनाच्या भाषणातसुद्धा. माझ्या गोष्टीत मालकानं तुम्हाला सोडलं नाही. ज्याला येऊ दिलं नाही अशा बापाची मुलगी असणं सोपं होतं. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या शेजारच्या मशीनवरचे काका भेटायला आले. आईला सांगत होते, "मालकांनी तर चारलाच सांगितलं हुतं, 'गड्या, जा की, पोरगी वाट बघत आसंल.' तर ह्यो म्हणतोय, 'एवढा जॉब उतरवतो न् जातो.'" हसले आणि मग डोळे पुसले. मी आत चहा गाळत होते. सगळं ऐकलं, आणि तरी गोष्ट बदलली नाही.

आजही तीच सांगितली. त्या लेथवाल्यांच्या मुलीनं शांतपणे विचारलं, "मॅडम, मालकानं सोडलं न्हाई का जॉबनं?" "मालकानं," मी म्हणाले. ती खाली बसली. तिचा विश्वास बसला नव्हता, हे तिच्या मानेवरून कळत होतं.

हे वहीतच राहणार आहे, त्यामुळे उरलेलंही लिहिते. ते काकांना ठाऊक नाही, आईलाही नाही. समारंभ तीनला होता. निमंत्रणपत्रिकेवर तसं छापलेलं होतं, ती मी तुम्हाला दाखवली नाही. "साडेचारला या," असं सांगितलं. तोवर बक्षिसं होऊन, फोटो होऊन, बाई आणि मैत्रिणी घरी गेलेल्या असत्या, आणि तुमची ती काळ्या डागांची खाकी पँट कुणाला दिसली नसती. तुम्ही जॉब तसाच टाकून चारला निघाला असतात, तरी रिकाम्या खुर्च्याच बघितल्या असत्या. त्या दिवशी कॉलेजच्या फाटकावरच्या वॉचमननं तुम्हाला खरी वेळ सांगितली होती का, हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलंही नाही. तुम्ही मात्र माझ्या लग्नात, बाळंतपणात, शेवटी अंथरुणावर असतानाही त्या दिवसाचं "चुकलं बाळ माझं" म्हणत राहिलात. आणि दर वेळी मी तुम्हाला माफ करत राहिले.