अकराव्या शतकात अडकलेले घर

मी, ओटिली क्रॉयट्सहागे, राहणार ग्योटिंगेन, कोणाच्याही दडपणाशिवाय व पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवते. शुद्धीबद्दल कोणास शंका असेल, तर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाबरोबर संसार करूनही ती शाबूत आहे, हे ध्यानात घ्यावे.

माझे दिवंगत यजमान ओट्टोकार यांचे म्हणणे असे की, अर्थव्यवहाराला सर्व देशांत, सर्व काळी लागू पडेल असा नियम नसतो. आधी इतिहास गोळा करावा, निष्कर्ष मागाहून. व्हिएन्नाचे विद्वान डोळे मिटून नियम काढतात; आमचे यजमान डोळे फुटेस्तोवर वाचत बसले आणि एकही काढला नाही. पावाच्या भावावर जाडजूड खंड लिहिले. घरातला पाव संपला हे मात्र मीच सांगायचे.

क्लोटिल्डे तान्ही असताना आम्ही तिला घरी आणले. दत्तकाचा कागद करा म्हटले, तर म्हणाले, "थांब गं, दत्तकाचा उगम तर पाहू दे!" रोमन लोकांत शिरले, ते बाहेर आलेच नाहीत. पोर बिनकागदाची वाढली. पुढे यजमानांना छातीचे दुखणे जडले, तेव्हा मृत्युपत्र करायला बसले आणि मृत्युपत्रांचा इतिहास लिहू लागले. अकराव्या शतकापर्यंत आले आणि गेले. त्यांच्या भावाने कायद्याने बाग नेली, सफरचंदांसकट. आता मी कधी डोळे मिटते आणि घर कधी मिळते, म्हणून तो टपून बसला आहे. तसे झाले तर माझी पोर रस्त्यावर येईल.

म्हणून घर, भांडीकुंडी व शिल्लक क्लोटिल्डेला. दिरांना यजमानांचा पाइप. ओढताना ठसका लागावा, ही इच्छा. खंडांचे कागद मासळीवाल्या गेर्ट्रूडला, पुड्या बांधायला.

यजमानांचे पट्टशिष्य डॉक्टर नोल्टे यांना काहीही नाही. क्लोटिल्डेशी लग्न ठरवून हे गृहस्थ वर्षानुवर्षे आमच्याकडे रविवारचे जेवतात. तारीख विचारली की, "काकू, काळ पिकायला हवा." काळाचे ठाऊक नाही, पोरीचे केस पिकले! आज म्हटले, निदान साक्षीदाराची सही तरी करा. तर म्हणतात, "विधवेनं मृत्युपत्र करायची प्रथा कधीपासूनची, तेवढं बघून येतो."

क्लोटिल्डेने उठून त्यांची हॅट त्यांच्या हातात दिली. "सावकाश बघा," ती म्हणाली, "परत यायची घाई नाही."

बरे वाटले मला. खूप बरे वाटले.

साक्षीदार शेजारचे पाववाले हाइनरिश टोल्ले व त्यांच्या पत्नी आल्विने. दोघे हातातले काम टाकून आले आणि इतिहास न विचारता सह्या केल्या. कागदावर पीठ सांडले आहे, ते कोर्टाने चालवून घ्यावे.

ओटिली क्रॉयट्सहागे
ग्योटिंगेन, ३ मार्च १८८६