सवयीचा उकाडा

१४ मे १९९५
समरजितच्या फाउंड्रीत माझा सत्कार! मकरपुऱ्याच्या कारखान्यात, सत्तरीच्या बाईचा. कॉलेजने निवृत्तीनंतर चहालाही बोलावलं नाही. भाऊ गेल्यापासून तरसालीला या पुतण्याकडेच राहते, पण आत्या आयुष्यभर काय करत होती, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. बरं वाटलं. त्याची बायको संयोगिता म्हणाली, तुमची जांभळी साडी इस्त्रीला देते.

१५ मे
सत्कार कशासाठी ते कळलं. गरम खोलीच्या माझ्या शोधनिबंधासाठी!

खोली तापवायची, वैद्यकीच्या मुलांना आत सायकल मारायला लावायची, घाम तपासायचा. तेव्हा देशात हे कुणी करत नव्हतं. कॉलेजात मला ‘भट्टीवाली बाई’ म्हणत. वडील म्हणायचे, डॉक्टर आजारी माणसं बरी करतात, आमची मुलगी बरी माणसं आजारी पाडते. पण निष्कर्ष पक्का निघाला – शरीराला उकाड्याची सवय होते. घाम लवकर फुटतो, छाती कमी धडधडते.

यावरून समरजितने भट्टीवरच्या जुन्या कामगारांची दुपारची विश्रांती बंद केली. मॅनेजर तोच. ‘सवय होते, हे तूच सिद्ध केलंस ना, आत्या?’

केलं. खोटं काहीच नाही. मग तो निबंध कपाटातून काढून पुन्हा का वाचतेय?

१६ मे
मुलं हवं तेवढं पाणी प्यायची, नको वाटलं की बाहेर यायची – हेही त्याच निबंधात स्वच्छ लिहिलंय. समरजितला दाखवलं. तो म्हणाला, ते प्रयोगापुरतं. असेलही. कारखाना त्याला कळतो, मला कुठे कळतो?

१९ मे
हट्टाने फाउंड्री बघायला गेले. दारातच गरम वाफारा तोंडावर आला. समरजित यंत्रं दाखवत होता, मी माणसं बघत होते. सगळ्यांच्या पाठी ओल्या – एकाची कोरडी. धनाजीराव, आपल्यातलेच, आजोबा गायकवाडी फौजेत होते म्हणे. नाव विचारलं, तर भलतंच काहीतरी बडबडले. मानेला हात लावला. चटका बसावा इतकी तापलेली, आणि घामाचा थेंब नाही.

घाम थांबला म्हणजे शरीराने हात टेकले. मी ओरडले – यांना सावलीत आडवं करा, कपडे भिजवा, पंखा आणा! कुणी हलेना, सगळे समरजितकडे बघत राहिले. तो पांढराफटक. मग त्यानेच धनाजीरावांना काखेत हात घालून बाहेर नेलं.

२१ मे
धनाजीराव अजून दवाखान्यात. शुद्धीवर आहेत, पण बायकोला ओळखत नाहीत. कंपनी म्हणते, घरूनच ताप घेऊन आला होता. सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरने माझा लेखी अभिप्राय मागितलाय. सत्काराचं कुणी नाव काढत नाही.

समरजित जेवला नाही. ताट तसंच ठेवून गच्चीवर गेला. संयोगिता स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, ‘आत्या, एवढंच म्हणा, की नक्की सांगता येत नाही.’

हे वाक्य मी जन्मभर लिहीत आले. शास्त्रात ते प्रामाणिकपणाचं वाक्य. इथे?

धनाजीरावांना खरंच आधी ताप असेल तर? मी घरी जाऊन तर पाहिलं नव्हतं. आणि हा मुलगा माझ्या मांडीवर वाढलाय. ही शंका शास्त्राची की मायेची – मलाच उमगेना झालंय.

२२ मे
अभिप्राय लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला.

२४ मे
शेवटी अभिप्राय घेऊन कचेरीत गेले. इन्स्पेक्टर खुर्ची पुढे करत म्हणाले, ‘बेसो बेन, घाई नाही. समरजितभाई सकाळीच येऊन गेले.’ कागद पुढे केला. समरजितचं अक्षर – विश्रांती मी बंद केली, माणूस उष्णतेने पडला, कंपनी म्हणते ते खरं नाही.

माझाही कागद दिला. त्यात तेच होतं.

हे त्याने धनाजीरावांसाठी केलं, की मला त्याच्याविरुद्ध बोलावं लागू नये म्हणून? घरी आले तर भर दुपारी तो गच्चीवर कपडे वाळत घालत होता. बादलीतला एक पंचा उचलून पिळला आणि त्याच्या हातात दिला.