सतरंजीवरचा तास

राजूर,
जुलै २००४

प्रिय सत्यशीला,

शाळेच्या मागच्या पायरीवर बसून आपण दोघी मोसंबी खात होतो, ती दुपार तुला आठवते का? बेबीनंदाच्या मळ्यातली मोसंबी, साल जाड आणि आत रस बेताचा. तास संपला होता, बाकीच्या मुली घरी गेल्या होत्या, आणि मी टाचेच्या भेगांना मोसंबीची साल घासत बसले होते. तू म्हणालीस, बाई, पायाला एवढं कशाला जपता, पाय काय कुणाला दिसतात? मी म्हटलं, नाचणारीचा चेहरा पायातच असतो. माझं हे पुस्तकी बोलणं ऐकून तोंडातली फोड बाहेर येईपर्यंत तू हसलीस. मग उरलेली साल उचलून तूही आपल्या टाचा घासल्यास. त्या दिवशी याहून जास्त काही घडलं नव्हतं. पण हल्ली दुपारी पडल्या पडल्या मला तीच पायरी दिसते.

आधी शाळेची बातमी सांगते, कारण ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटतं. नृत्य हा विषय या जूनपासून बंद झाला. मी निवृत्त झाल्यावर जागा भरलीच नाही. दोन वर्षं मी अशीच जात राहिले, वेळापत्रकात तास होता तोवर. यंदा वेळापत्रकातूनच काढला. आपल्या खोलीत आता संगणक आले आहेत. शाळेतली शिपाई सोनूबाई सांगत होती की खिडक्यांना जाळ्या लावल्या आणि आत चपला घालून जायला बंदी केली. आपणही चपला बाहेरच काढायचो, नाही का? सतरंजी तिने माझ्याकडे आणून टाकली, म्हणाली, बाई, भंगारात देऊन राह्यले होते, मी उचलून आणली. मी तिची घडी उलगडली नाही.

त्या सतरंजीबद्दल तू मला कधी विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. मी राजूरला आले ती डॉक्टरांशी लग्न करून. माझे वडील रेल्वेत, आमचं राहणं सिकंदराबादला, शाळा कॉन्व्हेंटची. तिथे सिस्टर आम्हाला शिकवायच्या की चांगल्या मुलीच्या चालण्याचा आवाज होत नाही. सकाळी बुटांचा आवाज न करता व्हरांडा ओलांडायचा आणि संध्याकाळी मास्तरजींकडे कथक शिकायला जायचं, जिथे पायाचा आवाज आला नाही तर मास्तरजी तबल्यावरून हात उचलून घ्यायचे. माझं लहानपण असं दोन आवाजांत गेलं. राजूरच्या शाळेने नृत्य विषय सुरू करायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, आता एकच आवाज राहील. पण मुख्याध्यापक तातेराव सरांनी पहिल्याच दिवशी अट घातली. शेजारी दहावीचा वर्ग, त्यामुळे धडधड नको. म्हणून सतरंजी आली, दुहेरी घालून.

आणि घुंगरांचं म्हणशील, तर ती अट तुझ्या वडिलांची. हे तुला माहीत आहे, पण त्या दिवशी आमच्यात काय बोलणं झालं ते तुला पूर्ण माहीत नसावं. तू नाव दिलंस त्याच आठवड्यात ते दवाखान्यात आले. मला वाटलं, औषधाला आले. डॉक्टरांनी स्टूल पुढे केलं तरी बसले नाहीत. मी आपली त्यांना सांगायला लागले की हा अभ्यासक्रमातला विषय आहे, याला परीक्षा आहे, गुण आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "बाई, माझी माय गावच्या वरातीम्होरं नाचायची. हौस म्हनून न्हाई, नाचावंच लागायचं. धम्म घेतला तवा आमी ते बंद केलं. आता माझ्या लेकीच्या पायात घुंगरू दिसले न्हाई पायजे."

डॉक्टर खाली बघत राहिले. गावातल्या इतर आईबापांची नाराजी मी हसून, समजावून घालवत होते. त्यांना लोक काय म्हणतील याची काळजी होती. तुझ्या वडिलांचं, भुजंगरावांचं, तसं नव्हतं. त्यांनी एक गोष्ट मोठ्या कष्टाने सोडली होती आणि मी तीच पुस्तकात घालून परत दारात आणली होती. मी म्हटलं, नाही बांधणार. शब्द दिला. मग ते दारात थांबून म्हणाले, "इषय म्हनून शिकवा. बराबर शिकवा." तू वेगळी पडू नयेस म्हणून मी वर्गात कुणालाच घुंगरू बांधले नाहीत.

अशी आपली तीन वर्षं गेली. ता थेई थेई तत तोंडाने म्हणायचं, ताल हाताने धरायचा, आणि पाय सतरंजीत बुडायचे. चुकून कुणाचा पाय काठाबाहेर फरशीवर पडला आणि आवाज झाला, की सगळ्या एकदम थांबून दाराकडे बघायच्या. फक्त चतुर्थीला आपली चैन. गणपतीच्या देवळावरचे भोंगे सकाळपासून सुरू, गावात जत्रेसारखी गर्दी, शेजारच्या वर्गात शिकवलेलं काही ऐकू येत नसे. त्या दिवशी सोनूबाई सतरंजी गुंडाळायची आणि तुम्ही फरशीवर मनसोक्त पाय आपटायचात. पण भोंग्यांत तेही ऐकू यायचं नाही. पाय मोकळे असले की आवाज दुसऱ्याचा असायचा. हे माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा, औरंगाबादला, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी.

त्या परीक्षेला घुंगरू लागणार हे ठाऊक होतं. बाकीच्या पालकांनी त्या एका दिवसापुरती मान हलवली. तुझे वडील हो म्हणाले नाहीत, पण एस.टी.त तुझ्या शेजारी येऊन बसले. घुंगरांची जोडी एकच होती, मास्तरजींनी माझ्या पायात बांधलेली. तीच आळीपाळीने सगळ्यांनी बांधायची ठरली. बेबीनंदा पहिली उभी राहिली. पहिलं पाऊल टाकलं, घुंगरू वाजले, आणि ती थांबली. खाली पायांकडे बघितलं, मग दाराकडे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. तिच्यानंतरच्याही तशाच. परीक्षक बाईंना वाटलं, मुलींना काही येतच नाही. त्यांना कसं सांगू की सगळं येतं, फक्त यांनी आपल्या पायांचा आवाज कधी ऐकलेला नाही, आणि आवाज झाला की काहीतरी चुकलं एवढंच यांना ठाऊक आहे.

मग तुझं नाव आलं. बेबीनंदाने घुंगरू सोडून तुझ्या हातात दिले. खिडकीतून बाहेर कडुलिंबाखाली तुझे वडील दिसत होते, आमच्याकडे पाठ करून बसलेले. तू घुंगरू परीक्षक बाईंच्या टेबलावर ठेवलेस, त्यांना नमस्कार केलास आणि म्हणालीस, मी बिनघुंगरांची करते. बाई म्हणाल्या, मग लयीचे गुण मिळणार नाहीत. तू म्हणालीस, चालेल. आणि त्या उघड्या फरशीवर तुझा पाय पडला. सत्यशीला, तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. तू मात्र थांबली नाहीस. दाराकडे बघितलं नाहीस. चक्कर घेऊन समेवर आलीस तेव्हा परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

परतताना फुलंब्री आलं. मुली रडून थकल्या होत्या. मग तुझे वडील पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाले, "आवाज आल्ता. पायाचाच व्हता." एवढंच. ते चांगलं म्हणत होते की वाईट, हे मी पुष्कळ वर्षं ठरवू शकले नाही. तू काठावर पास झालीस, डी.एड.ला गेलीस, परभणीला शिक्षिका झालीस, संसार झाला. तू पुन्हा नाचली नाहीस. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. पत्रातून तू तुझ्या लेकीच्या, यशोधराच्या शाळेचं, तिच्या चित्रांचं लिहितेस. मागच्या दिवाळीला मात्र एक ओळ लिहून खोडली होतीस. उजेडात धरल्यावर वाचता आली. टीव्हीपुढे नाचत असते, मी बंद करते, असं होतं.

तुझे वडील मागच्या गुरुवारी आले होते. माझ्या आजारपणाबद्दल सोनूबाईने त्यांना सांगितलं असणार. आता काठी घेतात. या वेळी स्टूल न देताच बसले. माझ्या पायाचं बँडेज बघत राहिले. मी उशाखालची पिशवी काढून घुंगरू त्यांच्या हातात दिले. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी हातात घेतले नव्हते. तळहातावर तोलून बघितले. "जड हायेत," म्हणाले. "माय ह्याच्याहून जड बांधायची. घोट्याला वळ पडायचे." मग बराच वेळ घुंगरांवरून बोट फिरवत बसले. मी धीर करून म्हटलं की हे यशोधराला द्यावेत असं माझ्या मनात आहे, पण तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला. ते म्हणाले, "मला इचारू नका. तिला इचारा. माझ्या मायला कुनी इचारलं न्हवतं." पिशवी न्या म्हटलं तर नेली नाही. आधी इचारा, म्हणाले, आणि उठले. दारात चपला घालताना त्यांनी एकदा माझ्या पायाकडे बघून हात जोडले. मला वाटतं, ते मला नव्हते.

आता हे पत्र का, ते लिहिते. साखरेने उजवा पाय गेला आहे. सोमवारी औरंगाबादला तो गुडघ्याखालून काढणार. डॉक्टर असते तर इथवर येऊच दिलं नसतं. मुलगा पुण्याहून येतो आहे, मला नंतर तिकडेच नेणार, हे घर बंद होईल. तुला धावत यायला सांगत नाही, शाळा सोडून येऊ नकोस. फक्त या गोष्टी पार पाड. सतरंजी सोनूबाईला द्यायची, तिची नातवंडं गार फरशीवर झोपतात. लेहऱ्याची, म्हणजे नाचाच्या साथीच्या सुरावटीची, कॅसेट आणि टेप बेबीनंदाला, ती जालन्यात बालवाडी चालवते, मुलांना हातवारे शिकवायला उपयोगी पडेल. माझ्या चपला कुणाला देऊ नकोस, टाकून दे. घुंगरू पिशवीत सोनूबाईकडे ठेवले आहेत. ते यशोधरासाठी. शिकवणारीने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बांधायचे अशी रीत आहे, पण मला आता खाली बसता येणार नाही, तेव्हा तू बांध. तुझ्या पायांना ते कधी लागले नाहीत म्हणून हात लावायला भिऊ नकोस. आणि त्याआधी तिला विचार. टीव्ही बंद न करता विचार. नको म्हणाली तर जबरदस्ती नाही, मनाला लावूनही घेऊ नकोस. मग ते सोनूबाईच्या शेळीच्या गळ्यात बांधले तरी मला चालेल. पण आधी विचार.

तुझीच, अजून बाईच,
उषाबाई