रामाजीकाकानं मोडलेली काडी

दामिनीताईले, वाडीहून अंकुशचा नमस्कार.

लिहीन लिहीन म्हणता पोळा उलटला, रागावू नको. तुहा मोबाईल सासरीच राहिला, म्हणून हे पत्र. माही खोली ट्रकांच्या गोदामामागं आहे. जेवण बरं आहे, वांगी मात्र पाणचट.

तुही गोष्ट इथल्या वकीलबाईले सांगितली. रामाजीकाकानं पंचांत काडी मोडली अन् म्हणाला, "झाला काडीमोड. पोरगी बापाची, रिवाज आहे." बाई हसल्याच. म्हणाल्या, रिवाज असला तर कोर्टात सिद्ध करा म्हणा, अन् दोन वर्षांचं लेकरू सहसा आईजवळच राहते. तुही परी तुले भेटंल.

मोठा आला पंच! घरच्या बैलाची वेसण धरता येत नाही अन् लोकांचे संसार तोडते. काडी तर बकरीबी मोडते.

तू रडू नको वं. जेवतेस ना? आईचा गुडघा कसा आहे?

थांब, दार वाजलं.

ताई, रामाजीकाकाच आला! मागं त्याची लेक नंदिनी आहे. डोळे सुजलेले, कडेवर तिचं लेकरू नाही. काका मान खाली घालून वकीलबाईचा पत्ता विचारून राहिला.

चहा ठेवतो. नंदिनीसाठी.

तुहा,
अंकुश