ग्वेनला दाखवलेला पिवळा टॉवेल

रविवार, १२ मे. सायं. ५
निव्वळ दरोडा. छप्पन फेऱ्यांची मोटारशर्यत, त्यातल्या पंचावन्न फेऱ्या लिंडक्विस्ट पुढे. शेवटच्या फेरीत त्याच्याच संघाने रेडिओवरून कळवलं, मागच्याला वाट दे. मागचा म्हणजे त्यांचा लाडका मोराँ. आणि या बावळटाने सगळ्या जगासमोर ब्रेक दाबून वाट दिली. माझे दहा पौंड लिंडक्विस्टवर होते. पैशाचं काही नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे.
हिलरी विणकामातून मान वर न करता म्हणाली, दोघं एकाच संघाचे ना, मग बिघडलं कुठे? चौतीस वर्षं संसार करून बायकोची ही समज.

सोमवार, १३ मे
बसने हॉर्शमला. सट्ट्याच्या दुकानात काउंटरवर पेलिंग नावाचा एक टकलू बसतो. त्याला शांतपणे समजावलं की लिंडक्विस्ट हरला नाही, त्याला हरवलं गेलं. सबब पैज रद्द. तो म्हणाला, "साहेब, आम्ही निकालावर पैसे देतो, न्यायावर नाही." मोराँवर लावणाऱ्यांना दिलेत का? "दिले की." म्हणजे लबाडीला वर बक्षीस. मी म्हणालो, मी वरपर्यंत लिहिणार आहे. त्याने मला पेन काढून दिलं. उद्धट माणूस.
निश्चय: आयुष्यात पुन्हा पैज लावणार नाही.

गुरुवार, ३० मे
तीन पत्रं लिहिली होती. शर्यतींचा महासंघ: उत्तर नाही. पैजांचा लवाद: नियमावलीची झेरॉक्स, एका कलमावर हिरवी रेघ. खासदार: 'आपल्या भावना समजल्या', आणि कचऱ्याची गाडी यापुढे बुधवारऐवजी शुक्रवारी येईल. या देशात न्यायाची चाड असलेला एक माणूस उरलाय आणि त्याला कचऱ्याचं वेळापत्रक पाठवतात.

शनिवार, २२ जून
पबमध्ये भाषण केलं. फार चांगलं झालं.
आमच्या पबचा गवतयंत्रांच्या शर्यतीचा संघ आहे. बसून चालवायची गवत कापायची मशिनं, पाती काढून टाकलेली, आणि नांगरलेल्या शेताच्या कडेने फेऱ्या. बावीस वर्षं मी कप्तान आहे. संघात सध्या दोघंच, मी आणि पोस्टातली ग्वेन बॉटिंग. तिचं मशीन तिच्या नवऱ्याने, सिरिलने, स्वतःच्या हाताने बांधलं होतं. तो दोन हिवाळ्यांपूर्वी वारला. तेव्हापासून ती स्वतः चालवते आणि या मोसमातल्या दोन्ही शर्यती तिने जिंकल्या. अंगाने हलकी आहे, दुसरं काही नाही.
मी जाहीर केलं: आमच्या संघात आदेश चालणार नाहीत. जो वेगवान, तो जिंकेल. टाळ्या पडल्या. ग्वेन म्हणाली, "बरं झालं, एकदा स्पष्ट बोललास." कौतुकच होतं ते.

मंगळवार, १६ जुलै
कपाच्या अंतिम शर्यतीवर पबवाल्या रॉडनीने पैजा सुरू केल्या. अर्धी रक्कम जिंकणाऱ्यावर लावलेल्यांना, अर्धी गावचा हॉल गरम ठेवणाऱ्या बॉयलरला. फळ्यावर ग्वेनच्या नावापुढे रेघांची नुसती जत्रा. माझ्यापुढे कोरं. या गावाला मशीन कळत नाही, माणूस तर त्याहून नाही.
चालवणाऱ्याने स्वतः पैज लावायची नाही असा रॉडनीचा नियम आहे. म्हणून हिलरीला वीस पौंड दिले आणि तिच्या नावाने माझ्यावर लाव म्हणून सांगितलं. मेमधला निश्चय मोडलेला नाही. ही बॉयलरला मदत आहे.
संध्याकाळी सराव. ग्वेन अकरा सेकंद पुढे. वारा होता. (तिच्या वाटेवर कमी होता.)

शुक्रवार, २ ऑगस्ट
पोस्ट बंद व्हायच्या सुमारास ग्वेनकडे गेलो. सांगितलं, कपावर कप्तानाचं नाव कोरलं गेलं तर संघाची प्रतिष्ठा वाढते. बावीस वर्षांत ते एकदाही कोरलं गेलेलं नाही, याचा संबंध नाही.
ती म्हणाली, "म्हणजे मी मागे राहायचं?"
मी म्हणालो, मागे नाही, वेळ साधून. याला नियोजन म्हणतात. त्या मोटारवाल्यांनी केलं ती फसवणूक, कारण तिथे लोकांचे पैसे गुंतलेले होते.
"इथेही गुंतलेत, नॉर्मन. गावातली निम्मी बाळंतपणं केलेल्या त्या दाईंचेसुद्धा आहेत."
मी म्हणालो, ते बॉयलरसाठी.
ती बराच वेळ शिक्के पुसत राहिली. मग म्हणाली, "सिरिलच्या मशीनला एकदा तरी कप मिळावा असं वाटत होतं. असू दे. तू कप्तान आहेस."
समजूतदार बाई. खूण ठरली: शेवटच्या फेरीत हिलरी पेंढ्यांच्या गठ्ठ्यांपाशी पिवळा टॉवेल दाखवेल.

शनिवार, ३ ऑगस्ट. दु. ४
जिंकलो.
तपशील असे. शेवटच्या फेरीत ग्वेन अर्धी फेरी पुढे होती. हिलरीने टॉवेल वर केला नाही. गठ्ठ्यावर अंथरून ती त्यावर बसली होती आणि काकडीची सँडविचं खात होती. मी जाता जाता वाकून तो टॉवेल तिच्याखालून ओढला (थोडा वेळ गेला) आणि स्वतःच हलवत राहिलो. सगळ्या शेताला दिसला असणार. ग्वेनला तर दिसलाच.
वाटलं होतं, ती हळू होईल. ती थांबली. इंजिन बंद केलं, खाली उतरली, हेल्मेट काढून गठ्ठ्यावर ठेवलं आणि मशीनच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मी तिच्यासमोरून गेलो. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.
रेषा ओलांडली तेव्हा फक्त माझं इंजिन ऐकू येत होतं. आदराने लोक असे गप्प होतात. टाळी एकच वाजली, शेजारच्या गावच्या एका माणसाची, आणि तोही हसत होता.
कप अपेक्षेपेक्षा हलका आहे.

रविवार, ४ ऑगस्ट
पबमध्ये जागा होती, पण माझ्या टेबलाशी कोणी बसलं नाही. दाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी शर्यत कशाला ठेवायची, नुसतं सांग आम्हाला कोणाला देणार ते." अडाणी बोलणं. लोकांना हरणं झेपत नाही.
रॉडनीने हिशेब जाहीर केला. विजेत्यावर एकानेही पैज लावलेली नाही, तेव्हा सगळी रक्कम बॉयलरला. मी म्हणालो, चूक आहे, एक चिठ्ठी आहे. त्याने चिठ्ठ्यांचा डबा माझ्यापुढे उलटा केला. प्रत्येक चिठ्ठीवर ग्वेन. एकीवर हिलरीच्या अक्षरात ग्वेन.
घरी विचारलं. हिलरी म्हणाली, "सरावाला मी होते ना, नॉर्मन. डोळे आहेत मला."
मग म्हणाली, "आणि मला ती जिंकायला हवी होती." स्वयंपाकघरात गेली. जेवताना आम्ही दोघंही बॉयलरवर बोललो.

गुरुवार, ८ ऑगस्ट
ग्वेनने संघ सोडल्याचं रॉडनीकडून कळलं. मशीन विकणार नाही म्हणे, फक्त चालवणार नाही. रागाच्या भरात माणसं असं बोलतात.
विचार करून ठरवलं की कप तिच्याकडे ठेवावा. मोठ्या मनाने. माझं नाव अजून कोरलेलं नाही, दुसरंही कोरता येईल. कप पिशवीत घालून पोस्टात गेलो. रांगेत चौथा होतो. पुढचे तिघे मागे वळून बघत होते. माझा नंबर आल्यावर कप काउंटरवर ठेवला. बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो, पण सुरुवात आठवेना.
तिने कप उचलून वजनकाट्यावर ठेवला.
"एक किलो दोनशे. कुठे पाठवायचाय?"
मी म्हणालो, ग्वेन.
"पत्ता लागेल," ती म्हणाली. "पत्त्याशिवाय मला घेता येत नाही."
मागे माणसं उभी होती. मी कप उचलला आणि घरी आलो.