वरची लाल पट्टी

प्रिय विक्रांत,

फोन हाताशी असताना ताईला टपाल पाठवायचं काय सुचलं, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? मी एक वाक्य बोलले की तुझं नव्या टीव्हीचं रडगाणं सुरू. कबड्डी बघताना वरच्या कोपऱ्यातला स्कोअर मधेच गायब होतो म्हणून दुकानदाराशी भांडलास, टीव्ही बदलून आणलास, तर दुसराही तसाच निघाला. गिरिजा बिचारी तुझी बायको, तिला ऐकून घ्यावंच लागतं. मी मोठी बहीण आहे, तेव्हा आज माझं ऐक. शांतपणे, शेवटपर्यंत वाच.

लंडनच्या विमानतळाला लागून असलेलं माझं हाउन्सलोचं ऑफिस तुला फोटोत दाखवलंय. विमानं इतकी खालून जातात की कपातला चहा हलतो. विमानातून उतरलेल्या मालाची नोंद आम्ही एका वेबसाइटवर करतो. मी पानाच्या खालच्या भागात टाइप करत असते, आणि फ्रिजमध्ये ठेवायची औषधं आली की पानाच्या वर एक लाल पट्टी उमटते. ती दिसली की गोदामात फोन करायचा. सप्टेंबरपासून ती पट्टी मला धड दिसेना. एकदा इन्सुलिनचे खोके दुपारभर बाहेर राहिले, सगळे फेकून द्यावे लागले. मॅनेजरबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की आता आणखी एक चूक झाली तर त्यांचा नाइलाज होईल. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार, सांग बरं.

मग मी त्या कॉम्प्युटरच्या मागेच लागले. आमच्याकडे सगळ्यालाच कुलूप आहे. दुसरा ब्राउझर टाकता येत नाही, सेटिंग उघडलं की सगळी बटणं फिकी, आणि वर लिहिलेलं असतं की याचा ताबा तुमच्या कंपनीकडे आहे. साधं मागचं चित्रसुद्धा बदलता येत नाही. पण मी नागपूरची, अशी हार मानते होय? कंट्रोल दाबून पान लहान करून पाहिलं. मोठं करून पाहिलं. दर थोड्या वेळाने पान रिफ्रेश करायला लागले. शेवटी ब्राउझरची खिडकी बारकी करून स्क्रीनच्या पार तळाशी ओढली आणि सारखी वर-खाली बघत बसले, तेव्हा कुठे जमलं. शेजारच्या टेबलावर पुण्याची शाल्मली बसते. ती म्हणाली, शीलाताई, तुम्ही विहिरीत वाकून बघितल्यासारख्या बसता. मी हसले, पण मला बरं वाटलं नाही.

कारण तोवर एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती. मी थेट वर पाहिलं की पट्टी तिथे असायची. लालभडक, ठसठशीत. नजर खाली कामाकडे आणली की ती नसायची. पुन्हा पाहिलं की असायची. एखाद्याला माझी नजर कळावी आणि त्याने मी बघत नसतानाच ती काढून घ्यावी, असं चाललं होतं. नोव्हेंबरात इथे चार वाजताच अंधारतं. तेव्हा मागे कोणी उभं आहे असं वाटायचं, आणि मी वळूनही बघायचे. कॉम्प्युटर बिघडतो हे ठीक, पण तो माणूस बघून बिघडतो का रे?

शेवटी हेल्पडेस्कला तक्रार केली. तिथला माणूस कुठल्याशा दुसऱ्या गावी बसून माझा कॉम्प्युटर चालवतो, मी फक्त हात मांडीवर ठेवून बघायचं. माउसचा बाण आपोआप वर जायला लागला. मी पानाच्या मध्यावर नजर धरून बसले होते. बाण वर गेला आणि विरला. जरा वेळाने पार दुसऱ्या बाजूला निघाला. मी शाल्मलीला ओढून आणलं, त्याला पुन्हा तसंच करायला लावलं आणि म्हटलं, बघ, कॉम्प्युटर इथे बाण खातो. शाल्मली म्हणाली की तिला तर बाण सरळ जाताना दिसला. मग मी तिच्या खुर्चीवर बसले, तिच्या कॉम्प्युटरवर तिला बाण फिरवायला सांगितलं. तिथेही तो त्याच जागी विरला. ती हळूच म्हणाली, ताई, कॉम्प्युटरचं नाहीये हे.

तेव्हा मला बाबा आठवले. नागपुरात आपल्या इंदोऱ्याच्या घरासमोर पेपर घेऊन बसलेले, आणि पेपरवाल्यावर डाफरणारे. छापखान्यातले लोक झोपा काढतात, ओळीच्या ओळी गाळतात, म्हणायचे. आपण पेपर बदलून दिला, दुसराही तसाच. तू त्यांची नक्कल करायचास आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. पुढे ते भर दिवसा उभ्या हातगाडीवर आदळले तेव्हा दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर म्हणाले काचबिंदू, फार उशीर झाला. शेवटची वर्षं ते आपल्या सगळ्यांचे चेहरे हाताने चाचपून ओळखायचे.

दुसऱ्याच दिवशी मी डोळे तपासायला गेले. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसवतात, समोर प्रकाशाचे ठिपके येतात, दिसला की बटण दाबायचं. मशीनचा आवाज येत होता पण ठिपका येईना. किती वेळ नुसता काळोख. मशीन बिघडलंय, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मलाही काचबिंदू आहे, विक्रांत. दोन्ही डोळ्यांत, वरच्या बाजूचं दिसणं गेलंय. गेलं ते परत येणार नाही. रोज थेंब घातले तर उरलेलं टिकेल, म्हणतात. मॅनेजरबाईंना सांगितलं, त्यांनी मला पट्टी नसलेलं काम दिलंय, तेव्हा नोकरीची काळजी करू नकोस. घरी येऊन खूप रडले, ते तुला खोटं कशाला सांगू.

पण हे पत्र माझ्यासाठी नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा आजार घराण्यात उतरतो, सख्ख्या भावंडांनी लगेच तपासून घ्यावं. मी त्यांना म्हणाले, माझा भाऊ ठणठणीत आहे, आणि म्हणता म्हणता मला तुझा टीव्ही आठवला. तू रोज लेकीला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडतोस. दुकानदाराशी आता भांडू नकोस. आज कबड्डी लाव आणि गिरिजाला शेजारी बसव. नजर खेळाडूंवर ठेव. स्कोअर गेला की मान हलवू नकोस, तसाच बस, आणि तिला विचार, तुला दिसतोय का. ती हो म्हणाली, तर टीव्ही चांगला आहे.

तुझीच,
शीलाताई